भूमिगत गाणे : बंडखोर गायकसमूहाची मराठी परंपरा आणि कबीर कला मंच

१

'भूमिगत' हा शब्द मराठीत दोन वाटांनी आलेला आहे. पहिली वाट १९४२ची. 'चले जाव'च्या ठरावानंतर नेते तुरुंगात गेले आणि उरलेले कार्यकर्ते भूमिगत झाले. साताऱ्यातील प्रतिसरकार याच भूमिगत अवस्थेतून उभे राहिले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालविला. भूमिगत होणे म्हणजे पोलिसांच्या नोंदवहीतील 'फरारी' या शब्दाची लोकांनी केलेली सन्मानपूर्वक दुरुस्ती होती. दुसरी वाट १९६० नंतरची. अमेरिकेतील व युरोपातील 'अंडरग्राउंड' चळवळींची, त्यांच्या नियतकालिकांची, चित्रपटांची आणि गाण्यांची वार्ता मुंबईत पोहोचली, तेव्हा तोच शब्द प्रस्थापित वाङ्मयाला नकार देणाऱ्या वृत्तीचे वर्णन करण्यासाठी वापरला जाऊ लागला. पहिल्या अर्थाने भूमिगत असणे ही एक कायदेशीर अवस्था आहे. दुसऱ्या अर्थाने ते एक रूपक आहे.

मराठी समीक्षेने या दोन अर्थांची गल्लत अनेकदा केलेली आहे, आणि ती करण्यात तिची सोयही झालेली आहे. रूपक म्हणून भूमिगत असलेल्या लेखकाला काही काळाने अभ्यासक्रमात स्थान देता येते. अवस्था म्हणून भूमिगत असलेल्या गायकाचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र समीक्षेने पोलिसांकडे व न्यायालयाकडे सोपविला. प्रस्तुत निबंधाचा विषय हा दुसरा गायक, किंबहुना गायकांचा समूह आहे. त्याचा इतिहास नीट समजून घ्यावयाचा तर पाश्चात्त्य पंक समूहाशी त्याची तुलना उपयोगी पडते. त्या तुलनेच्या मर्यादाही तितक्याच उपयोगी पडतात.

२

पंक संगीताचा इतिहास थोडक्यात असा. न्यूयॉर्कमधील सीबीजीबी नावाच्या लहानशा गुत्त्यात १९७४ पासून काही समूह वाजवू लागले. त्यांपैकी रामोन्स या समूहाची पहिली तबकडी एप्रिल १९७६ मध्ये आली. लंडनमध्ये १९७५ साली सेक्स पिस्टल्स हा समूह स्थापन झाला, १९७७ मध्ये त्याची एकमेव महत्त्वाची तबकडी निघाली आणि जानेवारी १९७८ मध्ये तो मोडला. त्यापूर्वी न्यूयॉर्कच्याच 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या समूहाने १९६७च्या आपल्या पहिल्या तबकडीत शहराचा अंधारा भाग आणि कर्कश नादाची शक्यता गाण्यात आणलेली होती. नावातच 'अंडरग्राउंड' असलेल्या या समूहाची तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही, परंतु पुढच्या पिढीतील समूहांवर तिचा परिणाम मोठा झाला.

या इतिहासातील वाङ्मयीन अभ्यासकाला महत्त्वाची वाटावी अशी घटना मात्र प्रसिद्धीच्या झोतात घडली नाही. मँचेस्टरच्या बझकॉक्स या समूहाने जानेवारी १९७७ मध्ये उसने पैसे घेऊन चार गाण्यांची 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेस तिच्या एक हजार प्रती छापल्या गेल्या. तिच्या वेष्टणावर प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि त्यावर वरून काय जोडले गेले, याचा तपशील दिलेला होता. हे वेष्टण म्हणजे एक प्रकारची टीकाच होती. गाणे ही कोणा दैवी प्रतिभेची निर्मिती नसून ठरावीक तासांत, ठरावीक खर्चात, ठरावीक माणसांनी बनविलेली वस्तू आहे, आणि ती कोणालाही बनविता येईल, हे त्यातून सांगितलेले होते. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९७६ मध्ये, मार्क पेरी या बँकेतील तरुण कारकुनाने 'स्निफिन ग्लू' हे झेरॉक्स केलेले पत्रक सुरू केले होते. तबकडी आणि पत्रक या दोहोंमागील तत्त्व एकच : निर्मितीची साधने आपल्या हाती घेणे. पुढे ज्याला 'इंडी' म्हणजे स्वतंत्र संगीत म्हटले जाऊ लागले त्याचा मूळ अर्थ हा असा अर्थशास्त्रीय होता. तो एखाद्या शैलीचा वाचक नंतर झाला.

डिक हेब्डिज यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या उपसंस्कृतिविषयक ग्रंथात या चळवळीची चिन्हमीमांसा केली. कपड्याला टोचलेली सेफ्टीपिन, फाटके वस्त्र, विस्कटलेले केस ही सारी चिन्हे रूढ अर्थाची मोडतोड करतात, आणि बाजार ती चिन्हे पुन्हा आपल्यात सामावून घेतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सेफ्टीपिन काही काळातच दुकानात दागिना म्हणून विकली जाऊ लागली. बंडखोर चिन्हाची पाश्चात्त्य समाजातील ठरलेली नियती ही अशी आहे : त्याला शिक्षा होत नाही, त्याची किंमत ठरते.

३

या पार्श्वभूमीवर मराठीकडे पाहिले असता प्रथमदर्शनी एक विसंगती जाणवते. पंक चळवळीची जी वाङ्मयीन लक्षणे सांगता येतात ती मराठीत तिच्याआधी दहा-बारा वर्षे अवतरलेली होती. 'शब्द'चा प्रयत्न १९५०-६०च्या दशकातला. अशोक शहाणे यांचे 'असो' १९६३चे. पुढे 'फक्त', 'येरू', 'आत्ता', 'वाचा' अशी अनियतकालिके निघाली. चक्रमुद्रित पाने, पदरचे पैसे, अनियमितता हेच तत्त्व, हातोहात वाटप, प्रस्थापित मासिकांच्या गुळगुळीत भाषेची चेष्टा आणि रस्त्यावरच्या भाषेचा आग्रह, हे सारे त्यांत होते. मँचेस्टरच्या त्या चार तरुणांनी तबकडीबाबत जे केले ते शहाणे, राजा ढाले, सतीश काळसेकर, तुळसी परब आदींनी कागदाबाबत केलेले होते. असे असता या चळवळीतून एखादा गायकसमूह का निघाला नाही?

तसा प्रयत्न झालाच नाही असे नाही. अरुण कोलटकर १९७०-८०च्या दशकाच्या आरंभी इंग्रजीत गाणी लिहीत होते, पखवाज शिकत होते आणि काही गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित करूनही पाहिली. ती गाणी रसिकांपर्यंत ध्वनीच्या रूपाने पोहोचली नाहीत. कोलटकरांचे निधन २००४ साली झाले, आणि त्यानंतर २००९ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या संग्रहात 'वर्ड्स फॉर म्युझिक' या शीर्षकाखाली त्यांचे शब्द छापले गेले. म्हणजे मराठीतील एका श्रेष्ठ कवीचे रॉकगीत आज उपलब्ध आहे ते मूक अवस्थेत, आणि तेही इंग्रजीत. हा योगायोग नव्हे. मुंबईतील रॉक संगीताची भाषा त्या काळी इंग्रजी होती. १९८४ साली स्थापन झालेला 'रॉक मशीन' हा समूह किंवा १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात भरू लागलेला 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव यांचा श्रोतृवर्ग प्रामुख्याने इंग्रजी महाविद्यालयांतून आलेला होता. गिटार, ध्वनिवर्धक आणि सरावाची खोली यांचा खर्च परवडणे ही त्या संगीताची पूर्वअट होती. इंग्लंडमध्ये बेकार तरुणांचे म्हणून ओळखले गेलेले संगीत मुंबईत पोहोचेपर्यंत सुस्थितांचे झालेले होते.

दुसरे कारण मराठी मध्यमवर्गाच्या गानकल्पनेत आहे. नाट्यसंगीत, भावगीत, आकाशवाणी या परंपरेत गाणे म्हणजे एका गायकाचा स्वर, त्यामागे अदृश्य साथीदार, आणि कवी, संगीतकार व गायक ही स्वच्छ श्रमविभागणी. अनियतकालिकांच्या लेखकांनी या मध्यमवर्गाची कविता मोडली. त्याचे गाणे त्यांनी मोडले नाही, ते केवळ ऐकण्याचे सोडून दिले. समूहाने लिहावे, समूहाने चाल बांधावी, समूहाने उभे राहून गावे आणि गाता गाता बोलावे, ही कल्पना या वर्गाच्या अनुभवात नव्हती. ती दुसरीकडे होती, आणि शतकभर जुनी होती.

४

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. पुढील काळात या चळवळीने तमाशाचा साचा घेऊन जलसा घडविला. गण, गौळण, बतावणी, वग ही अंगे राहिली, पण त्यांचा आशय पालटला. गौळणीतील थट्टेचा रोख पुरोहितशाहीकडे वळला. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले, आणि गिरणगावातील श्रोत्यांनी ते आपले मानले. वामनदादा कर्डक गावोगाव फिरत गीते रचीत व गात राहिले. या साऱ्यांना जोडणारे सूत्र असे की, गाणे ही खाजगी भावनेची अभिव्यक्ती नसून सार्वजनिक विधान आहे आणि ते करण्याचा अधिकार समूहाचा आहे.

'स्वतंत्र' संगीताच्या दृष्टीने या परंपरेतील एक टप्पा विशेष महत्त्वाचा ठरतो. १९८० नंतर ध्वनिफीत स्वस्त झाली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली उत्तर भारतातील या ध्वनिफीत-संस्कृतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात तिचे ठळक रूप भीमगीतांच्या ध्वनिफितींत दिसते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तके, तसबिरी आणि ध्वनिफिती यांची दुकाने लागत. मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने लहान उत्पादक, स्थानिक गायक आणि मंडळे आपल्या फिती तेथे विकत. जी स्वतंत्र वितरणव्यवस्था इंग्लंडमधील तरुणांनी प्रयत्नपूर्वक घडविली ती येथे एका जनसमूहाच्या श्रद्धेच्या व ज्ञानाच्या भुकेतून आपोआप उभी राहिली. तिची नोंद मराठीच्या वाङ्मयेतिहासाने घेतलेली दिसत नाही. कारण वाङ्मयेतिहास ग्रंथाची सूची करतो, फितीची करीत नाही.

या परंपरेचा एक सूर १९९७ मध्ये तुटला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर चारच दिवसांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या १९८५च्या 'बॉम्बे : हमारा शहर' या माहितीपटात झोपडपट्टीवासीयांच्या बाजूने गाणारा जो आवाज आहे तो घोगरे यांचा. त्यांच्या मृत्यूपासून पटवर्धनांनी नव्या चित्रीकरणास आरंभ केला आणि सुमारे चौदा वर्षांनी, २०११ मध्ये, 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पूर्ण झाला. घोगरे डाव्या सांस्कृतिक संघटनेत काम केलेले कलावंत होते. मृत्यूच्या वेळी त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती. लाल आणि निळ्या रंगांमधील जो ताण विचारवंतांच्या वादविवादात शब्दबद्ध होत होता तो एका गायकाच्या देहावर असा उमटला.

५

कबीर कला मंच स्थापन झाला तो २००२ साली, पुण्यात. गुजरातमधील दंगली हे तात्कालिक निमित्त. अमरनाथ चंडालिया हे त्याच्या संस्थापकांपैकी. नावातील कबीर अर्थपूर्ण आहे : तो विणकर, तो हिंदू-मुसलमान या द्वैताला नाकारणारा, आणि बाबासाहेबांनी बुद्ध व फुले यांच्यासमवेत ज्यांना गुरू मानले त्यांपैकी एक. पुण्यातील वस्त्यांमधून व महाविद्यालयांमधून आलेली मुले-मुली या मंचात जमली. डफ, ढोलकी आणि कंठ हे त्यांचे वाद्यभांडार. शीतल साठे यांचा खुला, वरच्या पट्टीतील आवाज आणि सचिन माळी यांची काव्यरचना यांमुळे मंचाला स्वतःची ओळख मिळाली. सागर गोरखे, रमेश गायचोर, दीपक डेंगळे, ज्योती जगताप ही नावे त्याच समूहातील.

मंचाच्या सादरीकरणाचे काही विशेष नोंदविले पाहिजेत. एक, स्त्रीचा अग्रस्वर. जुन्या जलशात स्त्रीभूमिका बहुधा पुरुष करीत. लाल बावट्याचा मुख्य आवाजही पुरुषी होता. येथे स्त्री ही समूहाची नायिका नव्हे तर त्याची सूत्रधार झाली, आणि आई, भाकरी, श्रम हे विषय सहानुभूतीच्या परिघातून बाहेर पडून प्रथमपुरुषी झाले. दोन, विषयांचा विस्तार. जातीय अत्याचारांच्या जोडीला शेतकऱ्यांच्या आत्महत्या, विस्थापन आणि धर्मांधता हे विषय एकाच कार्यक्रमात येऊ लागले. तीन, गाणे आणि भाष्य यांची सरमिसळ. गीत थांबते, गायिका बोलते, समूह तिच्या शेवटच्या शब्दाला पकडून पुन्हा ध्रुपदावर येतो. बतावणीचे हे नवे रूप आहे. छापील संहितेत ते हरवते, आणि म्हणून केवळ संहितेवर विसंबणाऱ्या टीकाकाराला ही गीते घोषणाबाज वाटतात. काही रचना खरोखरच घोषणेच्या पातळीवर राहतात, हे मान्य केले पाहिजे. विचारसरणीची परिभाषा जेथे अनुभवाची जागा घेते तेथे ढोलकीही तिला तारू शकत नाही. परंतु चांगल्या रचनांत अमूर्त शब्द उच्चाराच्या आघाताने मूर्त होतो, आणि हा परिणाम कागदावर तपासता येत नाही.

मंचाच्या इतिहासाला वळण देणारी पार्श्वभूमी पूर्व विदर्भात घडली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे सुरेखा भोतमांगे आणि त्यांची तीन मुले यांची हत्या झाली. त्यानंतर राज्यभर उसळलेल्या निषेधामागे नक्षलवादी असल्याचा संशय शासनाच्या बाजूने व्यक्त झाला. दलितांच्या संतापाला स्वतःचे कारण असू शकते, हे त्या संशयाने नाकारले. आंबेडकरी शाहिरीचा स्वर या घटनेनंतर चढत गेला आणि त्याबरोबर त्या स्वरावरील पाळतही वाढली. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई केली. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप मंचाच्या सदस्यांवर ठेवण्यात आला. सदस्यांनी तो नाकारला. दीपक डेंगळे यांच्यासह काहींना अटक झाली आणि उरलेले भूमिगत झाले.

येथे शब्दाने आपला पहिला, १९४२चा अर्थ परत घेतला. जवळजवळ दोन वर्षे हा समूह गायनाच्या जगातून नाहीसा झाला. नेमक्या याच काळात 'जय भीम कॉम्रेड' गावोगावच्या व शहरांतील खेळांतून दाखविला जात होता, आणि त्यात ही मंडळी गात होती. गायक अदृश्य, गाणे दृश्य. पाश्चात्त्य अंडरग्राउंड समूहाच्या बाबतीत याच्या उलट घडते. तेथे गायकाची प्रतिमा सर्वत्र असते आणि गाणे हळूहळू तिच्या मागे झाकले जाते.

जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डेंगळे आदींना जामीन मंजूर केला. एखाद्या विचारसरणीविषयी सहानुभूती असणे म्हणजे बंदी असलेल्या संघटनेचे सदस्यत्व नव्हे, आणि शोषणासारखे विषय मांडणे हा गुन्हा नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर प्रकट झाले. ही शरणागती नसून अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यासाठी केलेला सत्याग्रह आहे, अशी त्यांची भूमिका होती. अटक झाली. साठे त्या वेळी गरोदर होत्या; त्यांना जून २०१३ मध्ये जामीन मिळाला. माळी, गोरखे आणि गायचोर यांना मात्र जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत वाट पाहावी लागली. पुढे साठे व माळी यांनी 'नवयान महाजलसा' या नावाने वेगळे काम सुरू केले, तर उरलेल्यांनी कबीर कला मंच चालू ठेवला. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक केली.

मंचातील ही फूट व्यक्तिगत मतभेदांच्या पातळीवर पाहणे अपुरे ठरेल. 'महाजलसा' या नावात आंबेडकरी परंपरेशी असलेले नाते ठळक केलेले आहे, आणि 'नवयान' या शब्दाने बाबासाहेबांचा बौद्ध विचार आधारभूत मानलेला आहे. घोगरे यांच्या देहावर जो ताण उमटला होता त्याचीच ही समूहाच्या पातळीवरील पुनरावृत्ती होय. इंग्लंडमधील समूह मोडतात ते बहुधा कराराच्या, पैशाच्या व श्रेयाच्या प्रश्नांवर. मराठीतील हा समूह विभागला गेला तो परंपरेच्या वाचनाच्या प्रश्नावर.

६

आता तुलनेच्या मर्यादेकडे वळले पाहिजे. पंक आणि जलसा यांत साम्य आहे ते साधनांच्या मालकीचे, समूहकर्तृत्वाचे आणि बोलीच्या स्वीकाराचे. भेद तीन ठिकाणी आहे. पंकने पूर्वजांना नाकारले; जलसा पूर्वजांची नावे घेतल्याशिवाय सुरू होत नाही. तुकाराम, कबीर, फुले, आंबेडकर, अण्णा भाऊ ही त्याची वंशावळ आहे, आणि ज्यांना इतिहासात वंशावळच नाकारली गेली त्यांच्या दृष्टीने ती सांगणे हेच बंड ठरते. पंकने कौशल्याला नकार दिला. जलशाला तो परवडत नाही, कारण ढोलकी चुकली तर वस्तीतील श्रोता उठून जातो. आणि पंकने भविष्य नसल्याची घोषणा केली, तर जलशाचे सारे गाणे भविष्यावर उभे आहे. निराशेची चैन करण्यासाठी मागे काही शिल्लक असावे लागते.

या भेदांमुळेच दोन्ही चळवळींची नियतीही वेगळी ठरली. पंकचे चिन्ह बाजाराने विकत घेतले. जलशाच्या शब्दाला मराठी बाजारात किंमत आली नाही, आणि तो सरळ पुरावा म्हणून न्यायालयात गेला. येथे मराठी समीक्षेला अडचणीत टाकणारा प्रश्न उभा राहतो. गीतातील 'मी' कोण? रूपकातील शस्त्र हे शस्त्र असते काय? संघर्षाचे आवाहन आणि हिंसेची चिथावणी यांतील सीमारेषा शब्दाच्या कोणत्या पातळीवर ओळखावयाची? हे प्रश्न काव्यशास्त्राचे आहेत. अभिधा, लक्षणा, व्यंजना यांची हजार वर्षांची चर्चा ज्या परंपरेपाशी आहे, आणि १९८० नंतर चिन्हमीमांसेपासून विरचनेपर्यंत सारे सिद्धान्त जिने उत्साहाने आत्मसात केले, तिने हे प्रश्न प्रत्यक्ष उभे राहिले तेव्हा मौन पत्करले. शाहिरांच्या बाजूने माहितीपटकार, वकील, नाटकवाले आणि कार्यकर्ते उभे राहिले. गाण्याचा अर्थ कसा लावावा, हे न्यायाधीशांना ठरवावे लागले.

कलेने मात्र हे मौन पाळले नाही. २०१२ साली रंगभूमीवर आलेल्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाची संकल्पना व संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचे. 'अंडरग्राउंड' हा शब्द येथे मराठी नाटकाच्या शीर्षकात आला तो राजाच्या संदर्भात, आणि राजाचे कोणते चरित्र दडविले गेले हा त्यातील प्रश्न आहे. २०१४च्या चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात तर गाणेच आरोपी आहे. एका सफाई कामगाराच्या मृत्यूला शाहिराचे गीत कारणीभूत ठरले, असा आरोप तेथे ठेवला जातो. शाहिराची भूमिका केली ती नागपूरचे कार्यकर्ते व 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी. त्यांचे २०२१ मध्ये निधन झाले. न्यायालयात शाहिराचे शब्द निर्विकार स्वरात वाचले जातात. तेथे चाल नाही, ढोलकी नाही, श्रोता नाही. प्रयोगाची संहिता करून तिला शिक्षेसाठी योग्य बनविण्याची ही प्रक्रिया त्या प्रसंगात जितकी स्पष्ट दिसते तितकी ती कोणत्याही मराठी समीक्षालेखात दाखविली गेलेली नाही.

७

हा इतिहास पुण्या-मुंबईचा वाटतो. परंतु तो केवळ तेथून पाहिल्यास अपुरा राहतो. गोंदिया तालुक्यातील बिरसी या गावाचे नाव आज घेतले जाते ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी तेथे धावपट्टी बांधली. पुढे वैमानिकांचे प्रशिक्षणही तेथे सुरू झाले. आधुनिक जग या गावात असे आकाशातून उतरले. गाण्याची वाट मात्र जमिनीवरचीच राहिली. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, उभ्याने, डफ-ढोलकीच्या साथीने खडी गंमत रात्रभर चालते, वडशाच्या नाटकमंडळ्या हंगामभर फिरतात. धान कापून झाल्यावर हाती आलेल्या पैशावर हे सारे उभे असते. शासकीय अनुदान, वृत्तपत्रीय परीक्षण किंवा ध्वनिमुद्रण कंपनी यांपैकी कशाचाही आधार नसताना स्वतःच्या प्रेक्षकाच्या बळावर टिकलेली ही व्यवस्था 'स्वतंत्र' या विशेषणाला मँचेस्टरच्या तबकडीपेक्षा कमी पात्र नाही.

परंतु स्वतंत्र असणे आणि बंडखोर असणे एक नव्हे, हेही याच प्रदेशाने दाखविले आहे. खैरलांजी बिरसीपासून फार दूर नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत दोन्ही गावे एकाच भंडारा जिल्ह्यात होती. मंडईत सारे गाव एकत्र बसते, आणि तेच गाव एखाद्या कुटुंबाला वाळीतही टाकू शकते. गावाच्या आश्रयावर जगणाऱ्या गंमतीला गावातील हिंसेविषयी थेट बोलणे अवघड असते. तिचे साधन चिमटा काढण्याचे असते, आरोप करण्याचे नसते. आरोप करणारे गाणे त्या आश्रयाबाहेर, वस्तीत, मोर्चात आणि शहराच्या कडेला जन्मले. आणि त्याला आश्रय नव्हता म्हणूनच ते भूमिगत होऊ शकले आणि भूमिगत केलेही जाऊ शकले.

मराठीतील भूमिगत गाण्याचा इतिहास लिहावयाचा तर या दोन्ही व्यवस्था एकाच पटावर मांडाव्या लागतील : एक, स्वतःच्या पायावर उभी पण सावध; दुसरी, निर्भय पण निराधार. त्या इतिहासाची साधने ग्रंथालयात थोडी आहेत. ती मंडईच्या फडात आहेत, चैत्यभूमीवर विकल्या गेलेल्या आणि आता चिकटून बसलेल्या ध्वनिफितींत आहेत, माहितीपटांत आहेत, आणि बरीचशी पोलिसांच्या पंचनाम्यांत आहेत. जप्त केलेल्या वह्या, पत्रके व चकत्या यांची सर्वांत तपशीलवार सूची आज आरोपपत्रांना जोडलेली असणे, ही मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट नव्हे. ती सूची अभ्यासकांनी करावयास हवी होती.